पैसा मार्चमध्ये येतो, नाला जूनमध्ये

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, गडचिरोली

विषय : भामरागड, एटापल्ली, अहेरी आणि सिरोंचा तालुक्यांतील कामांच्या मान्यता व निविदा पावसाळ्यातच पूर्ण करण्याबाबत

महोदय,

सप्रेम जय सेवा.

हे पत्र निधी वाढवून मागण्यासाठी नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर ‘मागणी शासनाकडे सादर’ असा शेरा मारून ते पहिल्याच टेबलावर संपेल. निधी वाढला तर कुणाला नको आहे? पण आमच्या दक्षिण भागात पैसा किती आला यापेक्षा तो कोणत्या महिन्यात आला, यावर रस्ता होणार की नाही हे ठरते. नोकरीची बरीच वर्षे मी सरकारी बांधकामांच्या हिशेबात काढली आहेत. मोजमाप पुस्तिका, देयके, बीडीएस (निधीवाटपाची संगणक प्रणाली), उपयोगिता प्रमाणपत्रे या ढिगाऱ्यात बसून जे दिसते ते भूमिपूजनाच्या मांडवातून दिसत नाही. ते तुमच्यापुढे ठेवावे म्हणून हा खटाटोप.

मृगाचा पाऊस लागला की आमच्याकडे काम थांबते. परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. नाल्यांचे पाणी उतरून माती ट्रक पेलण्याइतकी आवळेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो. म्हणजे नोव्हेंबर ते मे असे सात महिने हाती आहेत, असे कुणीही कॅलेंडर पाहून सांगेल. पण नोव्हेंबरात धानाची कापणी असते, मग बांधणी, मळणी. गावातला माणूस त्या दिवसांत खडी फोडायला येणार नाही आणि येऊही नये. मार्च सरता सरता मोहफूल पडू लागते, त्यामागोमाग तेंदूचा हंगाम. तेंदूच्या पंधरा-वीस दिवसांत घरातली सगळी माणसे मिळून जे कमावतात, तेवढे रस्त्याच्या मजुरीत कधीच सुटत नाही. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कंत्राटदार मजूर शोधत फिरतो, बाहेरून टोळी आणतो किंवा सरळ गाशा गुंडाळतो. मधे उरतात ते डिसेंबर ते मार्च, जेमतेम चार महिने. भामरागडमध्ये मोरी बांधायची असेल तर ती या चार महिन्यांत बांधावी लागते.

आता सरकारी कॅलेंडर पाहा. अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो, वर्ष १ एप्रिलला उघडते. पहिल्या महिन्यांत मागच्या वर्षीच्या दायित्वाचे, म्हणजे अपुऱ्या कामांच्या देण्याचे, काय करायचे याचीच चर्चा चालते. वित्त विभाग निधी टप्प्याटप्प्याने सोडतो. तालुक्यांतून याद्या येतात, त्या बदलतात, पुन्हा बदलतात. प्रशासकीय मान्यता, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मग निविदा. आमच्याकडच्या निविदेला पहिल्या खेपेस प्रतिसाद मिळतोच असे नाही; मग फेरनिविदा. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरते, पुरवणी मागण्या मंजूर होतात आणि त्यातला आमचा वाटा आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा जंगलात पळस फुललेला असतो. हंगाम संपत आलेला असतो आणि ३१ मार्च तोंडावर.

याचा परिणाम ‘काम उशिरा होते’ एवढाच असता तर मी हे पत्र लिहिले नसते. खरी गोम पुढे आहे. मार्चमध्ये आलेला पैसा मार्चमध्येच टाकायचा असतो, म्हणून मार्चमध्ये टाकता येईल असेच काम निवडले जाते. मोरीचा पाया खोदायचा, कातळ लागेपर्यंत खाली जायचे, काँक्रीट ओतून त्यावर पाणी मारायचे, स्लॅबला वेळ द्यायचा, याला दोन-तीन महिने लागतात. मार्चमध्ये हे होत नाही. सौरदिवे, बाके, संगणक, व्यायामशाळेचे साहित्य, कुंपणाच्या जाळ्या मात्र ट्रकमधून उतरवल्या की देयक निघते. आधीच बऱ्या असलेल्या रस्त्यावर आणखी एक थर टाकला की मोजमाप लगेच भरता येते. आश्रमशाळेला रंग देता येतो. यातली प्रत्येक गोष्ट नियमात बसते, लेखापरीक्षणातही आक्षेप निघत नाही. खर्चाची टक्केवारी ९९ वर जाते आणि तुमच्या बैठकीत अभिनंदनाचा ठराव होतो. नाला तिथेच राहतो. कोणी पैसे खाल्ले असे माझे म्हणणे नाही (ते एक वेगळेच पत्र होईल). माझे म्हणणे इतकेच की काम कोणते करायचे हे गावाच्या गरजेने ठरत नाही आणि तुम्हीही ठरवत नाही. ते तारीख ठरवते.

यावर एक उत्तर मला ठाऊक आहे : जिल्हा परिषदेला हा निधी खर्च करायला दोन वर्षे मिळतात. बरोबर. पण पहिल्या वर्षाची मान्यताच फेब्रुवारी-मार्चमध्ये निघाली, तर दोन हंगामांतला एक हातचा गेलेला असतो. उरलेल्या एका हंगामात निविदाही बसवायची आणि कामही. आणि बांधकाम, वन, आरोग्य अशा राज्य सरकारच्या यंत्रणांना ती दोन वर्षेही नाहीत.

२०२४ साली तर दोन्ही टोके कापली गेली. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली ती जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली ती नोव्हेंबर सरता सरता उठली. चालू कामांना आचारसंहितेची आडकाठी नसते हे खरे, पण नवे कार्यारंभ आदेश निघत नाहीत. निवडणुका टाळता येत नाहीत. पण ज्यांचे कागद सप्टेंबरात तयार होते त्यांना आचारसंहितेने काय केले असते?

त्याच वर्षीच्या जुलैमधली कुडकेलीची चित्रफीत तुम्ही पाहिली असेलच; सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. आलापल्ली-भामरागड राष्ट्रीय महामार्गाचे काम चालू, पावसाने वाट तुटलेली, आणि एका गरोदर बाईला जेसीबीच्या बकेटमधून पाण्यापलीकडे नेत आहेत. तो महामार्ग तुमच्या समितीच्या निधीतला नाही, हे मी जाणतो. पण हंगाम चुकलेल्या कामाचे रूप कसे असते ते त्यात स्वच्छ दिसते. जुना रपटा (पुरात बुडणारा बुटका पूल) फोडलेला, नवा पूल अर्धा आणि मातीचा वळणरस्ता पहिल्याच पुरात वाहून गेलेला, अशी जूनमधली अवस्था मुळीच काम न करण्यापेक्षा वाईट असते. जुन्या रपट्यावर पाणी किती चढले की थांबायचे, हे गावाला निदान माहीत असते.

सप्टेंबर २०२४ मध्ये अहेरी तालुक्यात एका आई-बापाने दोन लहानग्यांचे मृतदेह खांद्यावर घेऊन पंधरा किलोमीटर चालत गाव गाठले. त्यावर विधाने झाली, चौकशी झाली. त्यावर मी भाष्य करणार नाही. त्या वाटेवरच्या कामांची यादी कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात कोणत्या टेबलावर होती, एवढेच तुमच्या पुढच्या बैठकीत कुणीतरी विचारावे.

सरकारला आमचा पावसाळा कळतच नाही असेही नाही. नवसंजीवन योजनेत दुर्गम गावांना पावसाळ्याच्या चार महिन्यांचे धान्य मे-जूनमध्येच पोचवतात. गोदामे आधी भरतात, ट्रक आधी लागतात, दुकानदाराला आधी कळवतात. औषधसाठ्याचेही तसेच. नाल्यापलीकडच्या गरोदर बायांना दिवस भरण्याआधी आणून ठेवायला आरोग्य केंद्रांपाशी माहेरघरे बांधली. म्हणजे तांदळाला आणि बाळंतपणाला पावसाळा कळतो. फक्त रस्त्याच्या पैशाला कळत नाही. पुरवठा विभागाला जी गोष्ट तीस वर्षे जमते आहे ती नियोजन विभागाला अवघड का जावी, याचे उत्तर मला अजून कोणत्याही शासन निर्णयात सापडलेले नाही.

म्हणून मागणी अशी की या चार तालुक्यांसाठी पावसाळा हाच कागदांचा हंगाम धरा. जूनमध्ये याद्या पक्क्या करा आणि त्यानंतर त्यांना हात लावू नका. पोळ्यापर्यंत प्रशासकीय मान्यता, दसऱ्यापर्यंत निविदा, दिवाळीला कार्यारंभ आदेश. कंत्राटदाराला पाऊस उघडायच्या आधी काम हातात आहे हे कळले, तर तो चंद्रपूरकडून सिमेंट-सळई आणण्याची, मिक्सर हलवण्याची, मजुरांशी बोलण्याची तयारी करतो. आज तो मार्चमध्ये आदेश घेतो आणि पहिले पत्र मुदतवाढीचे लिहितो. पूर्ण निधी हाती येईपर्यंत मान्यता कशी द्यायची, असे नियोजन कार्यालयातून म्हटले जाईल. पण मान्यता तरतुदीवर देता येते. वर्षाची तरतूद किती हे एप्रिलमध्येच कळलेले असते. नवीन कामे पाचशे घ्यायची की दोनशे, एवढाच तो प्रश्न आहे. दोनशे घ्या आणि पुरी करा. प्रत्येक सदस्याच्या यादीतले थोडेथोडे घेऊन सगळ्यांची तोंडे गोड करण्याची आपली जी रीत आहे, तिच्यामुळेच दायित्व फुगते आणि पुढच्या वर्षाचा निम्मा पैसा मागच्या वर्षात जातो.

तेंदूचा व्यवहार आमच्या ग्रामसभा कसा करतात, हे या निमित्ताने एकदा पाहावे. वनहक्क कायदा आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) यांच्या आधारे इथल्या कित्येक ग्रामसभा स्वतः तेंदू विकतात. पान फुटायच्या आधी लिलावाची जाहिरात निघते, बोली लागते, करार होतो. झुडपांची छाटणी उन्हाळ्याच्या तोंडाशी उरकते. मे महिन्यात पान तोडणीला येते तेव्हा दर, व्यापारी, फळी (पाने गोळा करण्याची जागा), मजुरी सगळे ठरलेले असते. हंगाम पंधरा-वीस दिवसांचा आहे हे माहीत असलेला माणूस असाच वागतो.

कामांच्या निवडीबद्दलही थोडे बोलायला हवे. पर्लकोटा नदीवरचा ठेंगणा पूल बुडाला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी दरवर्षी छापून येते. २०१९ साली तर एकाच पावसाळ्यात अनेकदा गावात पाणी शिरले. तिथे नवा उंच पूल मंजूर झाला, काम सुरू झाले, आनंद आहे. पण तालुक्याचे ठिकाण तुटले की बातमी होते. त्या तालुक्यातला टोला, म्हणजे लहान वस्ती, जून ते ऑक्टोबर तुटलेलाच असतो, त्याची होत नाही. त्याला पर्लकोटेसारखा पूल नको आहे. सिमेंटच्या पाइपची मोरी, काही ठिकाणी नुसता पक्का रपटा, दोन्ही बाजूंना शंभर-दोनशे मीटर भराव, एवढ्यावर वर्षातले तीन महिने मोकळे होतात. अशी कामे भूमिपूजनाला फार लहान पडतात. लेखाशीर्ष (सरकारी खर्चाचे खाते) ५०५४ मधून नवा रस्ता घेतला की फलक लागतो, ३०५४ मधून वाहून गेलेली मोरी दुरुस्त केली की कुणाचेच नाव लागत नाही. या चार तालुक्यांतले नाले एकदा मोजून काढा. कोणत्या नाल्यामुळे किती टोले किती दिवस तुटतात, हे आशाताई, ग्रामसेवक आणि एसटीचे चालक तोंडपाठ सांगतील. तुटलेल्या दिवसांच्या क्रमाने यादी लावा आणि ती गावात भिंतीवर रंगवा.

वन विभागाची परवानगी मिळत नाही, हे ठेवणीतले कारण. काही रस्त्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये रस्ता, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी अशा तेरा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ झाडांची मर्यादा पाळून आणि ग्रामसभेच्या शिफारशीने, जिल्ह्याच्या पातळीवरच वळती करता येते. मोरीला एक हेक्टर लागत नाही. हा प्रस्ताव जुलैत ग्रामसभेपुढे ठेवला तर ऑक्टोबरपर्यंत निकाली निघू शकतो. फेब्रुवारीत ठेवला तर अर्थातच वन विभाग आडवा आलेला असतो.

दुसरे ठेवणीतले कारण नक्षलवादाचे. ते इतकी वर्षे खोटे नव्हते. यंत्रे जाळली गेली, कंत्राटदार पळाले, माणसे मेली. पण १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी नेता भूपतीने साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. त्याआधीच वांगेतुरी आणि गर्देवाडा येथे पोलीस मदत केंद्रे उभी राहिली होती आणि १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी धावली. मुख्यमंत्री स्वतः आले होते. त्या दिवशी ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या गावात लाल बस पाहिली त्यांचा आनंद कुणी हलका लेखू नये. मीही लेखत नाही. पण आता ती बस जुलै-ऑगस्टमध्येही धावते का, हा नियोजनाचा विषय आहे, पोलिसांचा नव्हे.

खाणीच्या पैशाबद्दल. सुरजागडच्या पहाडीतून लोहखनिज निघते, त्याचे ट्रक एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या मार्गाने जातात आणि त्या रस्त्याची काय दशा झाली होती हे इथल्या प्रत्येक दुचाकीस्वाराच्या कंबरेला माहीत आहे. खाणपट्टा २००७ चा, म्हणजे १२ जानेवारी २०१५ च्या आधीचा. त्या तारखेआधीच्या पट्ट्यांच्या नियमाप्रमाणे स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के रक्कम खाणबाधित भागासाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमा व्हायला हवी. या निधीचा मोठा हिस्सा पाणी, आरोग्य, शिक्षण अशा प्राधान्याच्या बाबींवर जायचा असतो आणि रस्ते-पुलांसाठी मर्यादित वाटा असतो. तो तसाच राहावा. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते : हा पैसा ३१ मार्चला मरत नाही. तो प्रतिष्ठानच्या खात्यात राहतो. मग एका वर्षात न बसणारी कामे, दोन हंगाम लागणारे पूल, तीन वर्षांचे डॉक्टरांचे मानधन, हे सगळे त्यातून का घेऊ नये? आणि मार्चच्या घाईत निघणारी कामे तुमच्या समितीच्या जिल्हा वार्षिक योजनेत राहू द्यावी. आज या दोन निधींच्या याद्या वेगवेगळ्या ठिकाणी तयार होतात. त्या एका वहीत, एका बैठकीत, गावाच्या नावासमोर शेजारी शेजारी मांडल्या तर निम्मा गोंधळ मिटेल.

डॉक्टरांचा उल्लेख आला म्हणून थोडक्यात. इमारतींना पैसा मिळतो, त्या चालवायला मिळत नाही. उपकेंद्र बांधले की परिचारिकेचे निवासस्थान ‘दुसऱ्या टप्प्यात’ जाते, मग ती तालुक्याहून ये-जा करते, मग पावसाळ्यात येत नाही. त्याबद्दल आपण तिलाच बोल लावतो. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने या भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर (एक पायरी वरची) वेतनश्रेणी दिली. पण सगळी रचना अजून ‘शिक्षेची बदली’ याच समजुतीवर चालते. यापुढे कोणत्याही इमारतीला मान्यता देताना तिचा तीन वर्षांचा चालवण्याचा खर्च, म्हणजे माणूस, डिझेल, वीज, डागडुजी, कोणत्या लेखाशीर्षातून येणार हे त्याच टिपणीत लिहायला लावा. लिहिता आले नाही तर इमारत नको.

एक अवघड गोष्टही बोलतो. संविधानाच्या कलम २४३-झेडडी प्रमाणे तुमच्या समितीतले चार-पंचमांश सदस्य स्थानिक स्वराज्य संस्थांतून निवडून आलेले असायला हवेत. गडचिरोली जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाकडे राहिला. ‘आमच्या नाल्याचे काय झाले’ असे बैठकीत उठून विचारणारा माणूसच खुर्चीत नाही, तेव्हा यादी कुणाच्या सांगण्याने बनते हे विचारायला नको. विदर्भ विकास मंडळाची मुदतही ३० एप्रिल २०२० ला संपली. त्या मंडळाने फार दिवे लावले असे नाही, पण अनुशेषाचा आकडा मागायला निदान एक जागा होती. आणि विदर्भाच्या सरासरीत भामरागड तसाही दिसत नसे. नागपूर आणि भामरागड एकाच रकान्यात बसवल्यावर काय दिसणार?

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर ‘दक्षिण गडचिरोलीतील कामांचे हंगामनिहाय वेळापत्रक’ असा स्वतंत्र विषय घ्यावा. गेल्या तीन वर्षांत या चार तालुक्यांत मंजूर झालेल्या प्रत्येक कामापुढे मान्यतेचा, कार्यारंभ आदेशाचा आणि पहिल्या देयकाचा महिना लिहून ती यादी सभागृहात ठेवावी. नियोजन कार्यालयाच्या आय-पास या संगणक प्रणालीत या तारखा आहेत, वेगळे सर्वेक्षण लागणार नाही. त्या यादीत फेब्रुवारी-मार्च सोडून दुसरे महिने मोठ्या संख्येने दिसले, तर माझे हे पत्र खुशाल दप्तरी दाखल करावे.

इतिवृत्ताची प्रत ग्रामसभांनाही पाठवा. मराठीत असली तरी हरकत नाही. माडियात समजावून सांगणारी मुले आता गावोगावी आहेत.

आपला,
भामरागड तालुक्यातील एक रहिवासी
(निवृत्त लेखा कर्मचारी)